राहतात, समोर

पागेदारांच्या खडकीत मी दर दोन महिन्यांनी येतो,
सकाळी, ऊन भिंतीच्या कमरेशी असताना.
हातात यंत्र, खांद्याला पिशवी,
पिशवीत पाण्याची बाटली आणि छोटा टॉर्च,
कारण मीटर लावायला आमच्या लोकांना अंधारच सुचला:
जिन्याखाली, सायकलीमागे,
एके ठिकाणी तर देव्हाऱ्याच्या पाठीशी.
तिथे मी चपला काढून आकडा घेतो.

तोंडाशीच मान्यांची सेव-उसळ.
आठाला तरीचा वास सुटतो
आणि बँकेत जाणारे, कॉलेजात जाणारे, कुठेच न जाणारे
हातात पाव धरून उभे.
मान्यांचा पोरगा गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलतो,
कढईपाशी आईशी मराठीत,
सुट्टे मोजताना कोणाशीच नाही.
फ्रीज दोन. युनिटं चारशे बारा.

तारांवर अजून उत्तराणाची दोरी लोंबते,
एप्रिल लागला तरी,
आणि एक पतंग, पाठीचा कणा तेवढा उरलेला.
घोरपड्यांच्या गच्चीवर कुरडया,
शेजारी पटेलांच्या गच्चीवर खिचिया,
मधल्या कठड्यावर एकच पोर काठी घेऊन बसलेलं:
दोन्हीकडचे कावळे हाकतं,
दोन्हीकडचं चोरून खातं.

ऑफिसात एक जुनी वही होती, कापडी पुठ्ठ्याची.
तीत या खडकीपुढे कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं:
दक्षिणी.
म्हणजे आम्ही.
कोणी खापरपणजोबा नर्मदा उतरून आले असतील.
मी तिच्यापलीकडे गेलो तो दोनदा,
दोन्ही वेळा लग्नाला,
आणि पंगतीत वाढपी ओरडला,
"गुजरातकडच्या मंडळींना आमटीत गूळ पुरतोय का बघा रे!"
खरं सांगायचं तर पुरत नव्हता.

शेवटून दुसरं घर फणसेबाईंचं.
कमलिनी फणसे, शिवणाच्या शिक्षिका, निवृत्त.
मागल्या खेपेला नऊ युनिटं, त्याआधी अकरा.
या खेपेला आकडा तिथेच, मी सोडला होता तिथे.
यंत्र विचारतं: घर बंद? मीटर बंद?
तिसरं काही विचारत नाही.
टॉर्च मारला, तार बघितली, काचेवर टिचकी मारली.
मीटर धडधाकट.
दाराला कुलूप,
पण उंबऱ्यापुढचा सडा अजून ओला.

"इकडे आहे रे मी!"
समोर, जसुबेनच्या झोपाळ्यावर, दोघी.
एक गवार मोडतेय,
दुसरी तिला पेपर वाचून दाखवतेय मोठ्याने,
बेसण्याच्या जाहिरातींसकट,
कारण जसुबेनच्या डोळ्याला अजून हिरवी पट्टी.
वर एकच पंखा, किरकिरणारा.
"दोन घरांत दोन पंखे फिरवून वारा कोणाला घालायचा?"
बाई म्हणाल्या, मी काही विचारायच्या आत.
"रातेय अहीं ज सूए छे," जसुबेन म्हणाल्या,
"ने मारा करतां जोरथी घोरे छे."
"काहीतरीच!"
"चा मूकूं, दिगुभाई?"

जसुबेनचा आकडा दोनशे सहा, मागे एकशे सत्तर.
छत्तीस युनिटं जास्त.
एवढ्यात एक बाई राहते,
रात्रीची मालिका धरून.

"नवे मीटर येतायत म्हणे," बाईंनी विचारलं,
"ऑफिसला आपले आपणच आकडे कळवणारे.
मग तू?"
मी चहा बशीत ओतला.
गवारीचे दोन दांडे घेतले, मोडले, ताटात टाकले.

यंत्र अजून दोन्हीपैकी एक मागत होतं.
मी शून्य भरलं आणि शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं:
घर चालू आहे, बाई समोर राहतात.
अक्षरं जास्त झाली म्हणालं.
खोडत खोडत आलो
नुसत्या "राहतात"वर. ते घेतलं.

मग शेवटचं घर, शिर्क्यांचं.
त्यांचा कुत्रा मला नऊ वर्षं ओळखतो,
तरी भुंकतो.